थांबायचं कधी? : लूप शिकणाऱ्यांसाठी प्रस्तावना

दिल्लीच्या उत्तर रिजवर, हिंदूराव रुग्णालयाजवळ, अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. त्याच्या चौथऱ्यावर इंग्रजी पाटी आहे आणि तिच्यात स्तंभाचं सगळं चरित्र मोजक्या ओळींत उरकलेलं आहे. १३५६ साली फिरोजशाह तुघलकाने तो मेरठहून आणवून आपल्या शिकारी महालात उभा केला. १७१३ ते १७१९ या काळात, म्हणजे फर्रुखसियरच्या कारकिर्दीत, दारूच्या कोठाराचा स्फोट होऊन तो कोसळला आणि त्याचे पाच तुकडे झाले. १८६७ साली इंग्रज सरकारने ते सांधून तो आजच्या जागी बसवला. इसवी सनापूर्वीचं तिसरं शतकही पाटीवर आहे, पण त्याला नेमकं साल नाही, तेव्हा ते सोडून देऊ. उरतात चार आकडे: १३५६, १७१३, १७१९, १८६७. या पुस्तकाचा निम्मा संसार या चार आकड्यांवर चालतो.

ज्यांच्या नावाने हा भाग ओळखला जातो ते हिंदूराव म्हणजे कागलकर घाटगे, सर्जेराव घाटग्यांचे चिरंजीव आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम फ्रेझर याचा १८३५ साली खून झाला; त्याची रिजवरची कोठी पुढे हिंदूरावांनी घेतली. १८५७ च्या वेढ्यात तिथे इंग्रजांचा बिनीचा मोर्चा होता, आणि आता तिथे महापालिकेचं रुग्णालय आहे. रिक्षावाल्यापासून औषधाच्या दुकानातल्या पोऱ्यापर्यंत सगळे दिवसातून दहा वेळा ‘हिंदूराव’ म्हणतात, पण कागल कुठे आहे ते त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. हे विषयांतर झालं खरं, पण दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाने ते टाळलं असतं तरच नवल.

आता विषय. हे पुस्तक जावास्क्रिप्टमधल्या लूपविषयी आहे, आणि फक्त लूपविषयी. एवढ्याशा गोष्टीला अख्खं पुस्तक कशाला, असं कोणी विचारेल. वर्गात उभं राहून शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न पडणार नाही. व्हेरिएबल मुलांना समजतं, इफ-एल्सही समजतं, आणि लूप आला की अर्धा वर्ग माना डोलवायला लागतो. कोणी शंका विचारेनासं होतं. मग परीक्षेत तारकांचा त्रिकोण छापा म्हटलं की पाठ केलेला त्रिकोण उतरतो, आणि तोच उलटा छापा म्हटलं की पेन थांबतं.

दोष मुलांचा नाही, उदाहरणांचा आहे. ‘हॅलो’ दहा वेळा छापा, दोनाचा पाढा छापा, तारका छापा. या सगळ्यांत फेऱ्या किती हे आधीच माहीत असतं आणि उत्तरही आधीच माहीत असतं. मुलाच्या मनात लूप म्हणजे ‘तेच ते पुन्हा पुन्हा’ असं पक्कं बसतं, आणि एकदा बसलं की ते काढायला फार कष्ट पडतात. कारण लूपमध्ये ‘तेच ते’ असं काही नसतंच. दर फेरीला काहीतरी बदलावं लागतं, आणि जे बदलतं त्याच्यावरच लूप कधी थांबणार ते ठरतं. माझ्या मते लूप शिकणं म्हणजे थांबण्याची अट लिहायला शिकणं. बाकीचं टायपिंग आहे.

म्हणून मला असं उदाहरण हवं होतं की ज्यात फेऱ्या किती लागतील हे सुरुवातीला सांगता येऊ नये, पण हाताने करता मात्र यावं. ते फार लांब शोधावं लागलं नाही. ते देवळालीत होतं.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात, आणि नोकरी नाशिकजवळच्या देवळालीत, शाळामास्तराची. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. संख्यांशी खेळत राहणं एवढंच भांडवल. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी एक शोध मांडला. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. जी बाकी येईल तिच्यावर पुन्हा हेच करा. शेवटी ६१७४ येते, आणि एकदा आली की हलत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. आपल्याकडे अनेकांनी या छंदाकडे पोरखेळ म्हणून पाहिलं. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. तोवर कापरेकरांना शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती.

आता ही कृती पाटीवरच्या सालांवर लावू. १३५६ घ्या. ६५३१ वजा १३५६, बाकी ५१७५. ७५५१ वजा १५५७, बाकी ५९९४. ९९५४ वजा ४५९९, बाकी ५३५५. ५५५३ वजा ३५५५, बाकी १९९८. ९९८१ वजा १८९९, बाकी ८०८२. ८८२० वजा ०२८८, बाकी ८५३२. आणि ८५३२ वजा २३५८, बाकी ६१७४. सात फेऱ्या झाल्या. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, सातापेक्षा जास्त फेऱ्या लागत नाहीत; फिरोजशाहचं साल नेमकं त्या टोकाला जाऊन बसलं आहे. आता १७१३ घ्या. ७३११ वजा ११३७, बाकी ६१७४. एका फेरीत खेळ खलास! १७१९ ला दोन लागतात, १८६७ ला तीन. पाटी लिहिणाऱ्या साहेबाला याची गंधवार्ता असणं शक्य नव्हतं, कापरेकर तेव्हा जन्मालाही यायचे होते. निव्वळ योगायोग आहे. पण एकाच दगडावर सात, एक, दोन आणि तीन फेऱ्यांची उदाहरणं आयती कोरून मिळाली तर मास्तराने ती का सोडावीत?

इथे दोन प्रकारचे लूप आपोआप वेगळे होतात. चार सालं आहेत, चारही घ्यायची आहेत. कितीदा फिरायचं हे यादीच सांगते. हा फॉर लूप. प्रत्येक सालाच्या पोटात मात्र ६१७४ येईपर्यंत फिरायचं आहे, आणि ती केव्हा येईल हे सालाच्या अंकांवर अवलंबून. हा व्हाइल लूप. एकाच्या आत दुसरा. नेस्टेड लूप म्हटलं की मुलं दचकतात, पण इथे ती आधी कागदावर तेच करून बसलेली असतात, फक्त त्याला नाव आहे हे त्यांना माहीत नसतं.

फॉर लूपची वरची ओळ हा खरा अडथळा आहे, आणि बरीच पुस्तकं तो ओलांडून पुढे पळतात. कंसात तीन गोष्टी, मध्ये दोन अर्धविराम: आय बरोबर शून्य; आय चारापेक्षा लहान; आय प्लस प्लस. डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्या माणसाला वाटतं की या तिन्ही गोष्टी ओळीने होतात आणि मग आतलं काम सुरू होतं. तसं होत नाही. पहिली गोष्ट एकदाच होते. दुसरी, म्हणजे अट, दर फेरीच्या आधी तपासली जाते. तिसरी लिहिली आहे वर, पण चालते फेरीच्या शेवटी, आतलं सगळं झाल्यावर. म्हणून लूप संपतो तेव्हा आय तीन नसतो, चार असतो. हे एक वाक्य नीट उतरलं नाही तर पुढच्या अनेक चुकांचा उलगडा होत नाही. ही ठेवण जावास्क्रिप्टने सी भाषेकडून उचलली आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत या भाषेचा पहिला आराखडा उभा केला, आणि त्या घाईत जे तयार होतं ते घेतलं. बिचाऱ्या नवशिक्यांचा विचार करायला कोणाला वेळ होता?

मोजणी शून्यापासून हा दुसरा जुना वाद. चार सालांच्या ॲरेत, म्हणजे यादीत, १३५६ चा क्रमांक शून्य आणि १८६७ चा तीन. अटीत ‘लहान’च्या जागी ‘लहान किंवा समान’ लिहिलं की पाचवी फेरी होते आणि हातात ‘अनडिफाइन्ड’ येतं. शून्यापासून मोजणं का सोयीचं, याचं उत्तर डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९८२ साली एका छोट्या टिपणात दिलं आहे. ते पटतं, पण सवय लागेपर्यंत पटून उपयोग नसतो. स्तंभाच्या पाच तुकड्यांना शून्य ते चार असे नंबर देऊन बघा. दोन-तीनदा केलं की जमतं.

याच्याहून बेरकी प्रकार व्हेरिएबल बनवणाऱ्या व्हार या शब्दाचा. समजा, चार सालं एकेका सेकंदाच्या अंतराने पडद्यावर दाखवायची आहेत. लूप लिहिला, प्रत्येक फेरीत सेटटाइमआउट हा टायमर लावला, आणि मोजणीचा आय व्हार वापरून ठेवला. पडद्यावर काय उमटतं? चार वेळा ‘अनडिफाइन्ड’. कारण व्हारने केलेला आय सगळ्या फेऱ्यांना मिळून एकच असतो. टायमर वाजेपर्यंत लूप केव्हाच संपलेला असतो, आय चार झालेला असतो, आणि चार नंबरच्या खणात काहीच नसतं. २०१५ साली भाषेत लेट आला. तो दर फेरीला नवा आय देतो, आणि सालं मुकाट्याने ओळीने येतात. व्हारची सवय असलेल्यांना मी सांगतो, सोडून द्या. जुना कोड वाचण्यापुरता तो ओळखता आला म्हणजे पुरे.

मात्र या पुस्तकातली माझी सगळ्यांत आवडती चूक वेगळी आहे. कापरेकरांची कृती जावास्क्रिप्टमध्ये लिहिताना संख्येची स्ट्रिंग करायची, अंक सुटे करायचे, लावायचे, जोडायचे, वजा करायचं. पाटीवरच्या चारही सालांना तो कोड बिनबोभाट चालतो. सात, एक, दोन, तीन. मुलं टाळ्या पिटतात. मग मी म्हणतो, इल्तुतमिश दिल्लीच्या तख्तावर बसला ते साल टाका, १२११. टॅब जागच्या जागी थिजतो. बटण दाबलं जात नाही, पान सरकत नाही, लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागतो, आणि थोड्या वेळाने ब्राउझर विचारतो की हे पान प्रतिसाद देत नाही, बंद करू का.

झालं काय? २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. तीन अंक. कागदावर आपण न सांगता ०९९९ धरतो, पण मशीनला ते पुढचं शून्य कोणी सांगितलेलं नसतं. ते ९९९ उलटसुलट मांडतं, वजा करतं, शून्य मिळवतं. मग शून्यातून शून्य. मग पुन्हा शून्यातून शून्य. आपली अट काय होती? ६१७४ येईपर्यंत फिर. ते इमानेइतबारे फिरत राहतं. स्ट्रिंग पुढून शून्यं भरून चार अंकी करणारं पॅडस्टार्ट हे फंक्शन २०१७ पासून भाषेत आहे. ते लावलं की १२११ पाच फेऱ्यांत ६१७४ ला पोचतं. पण तेवढ्याने सुटका नाही. ११११ टाका, पहिल्याच फेरीला शून्य. कापरेकरांनी ‘चारही अंक सारखे नसलेली’ अशी अट घातली होती, ती आपण वाचताना मान डोलावून सोडून दिली होती.

पान का थिजतं हेही इथेच सांगून टाकतो. ब्राउझरमध्ये पान रंगवणं, क्लिक ऐकणं आणि आपली स्क्रिप्ट चालवणं हे साधारणपणे एकाच धाग्यावर, एकामागून एक होतं. स्क्रिप्ट संपल्याशिवाय पुढच्या कामाचा नंबर लागत नाही. म्हणून न संपणारा लूप आपल्यापुरता अडकत नाही, सगळं पान घेऊन बसतो. शाळेचं निकालपत्रक किंवा दुकानाचं बिल दाखवणाऱ्या पानात असा लूप राहिला तर समोरच्या माणसाला फक्त ‘साइट हँग झाली’ एवढंच कळतं.

मराठी वाचकासाठी खास असलेला एक सापळा. जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत देता येतं. ‘साल’ आणि ‘फेरी’ ही नावं बिनतक्रार चालतात आणि या पुस्तकात मी ती वापरली आहेत. पण देवनागरी अंक हे तिच्या लेखी अंक नाहीत. अवतरणचिन्हांत मराठी कीबोर्डावरून १३५६ लिहिलं तर भाषा त्याला अक्षरं समजते, वजाबाकी केली की ‘नॅन’ म्हणजे संख्या-नव्हे असं उत्तर देते. नॅन कधीच ६१७४ च्या बरोबर होत नाही. पुन्हा अट पुरी होत नाही, पुन्हा टॅब थिजतो. प्रोग्रॅमात आकडे इंग्रजी कीबोर्डावरूनच टाका. छापील मजकुरात मात्र मी मराठी अंक ठेवले आहेत, कारण पुस्तक माणसं वाचणार आहेत.

आतापर्यंतचे अनंत लूप आपल्या चुकीने झाले. दोन अंकी संख्या घेतल्या की चूक नसतानाही लूप थांबत नाही. ९ घ्या, म्हणजे ०९. ९० वजा ०९, ८१. मग ६३, मग २७, मग ४५, आणि ५४ वजा ४५ म्हणजे पुन्हा ९. पाच संख्या एकमेकींच्या मागे फिरत राहतात, मुक्कामाची संख्या नाहीच. इथे ‘अमुक संख्या येईपर्यंत’ ही अटच चुकीची. ‘आधी पाहिलेली संख्या पुन्हा दिसेपर्यंत’ असं म्हणावं लागतं, आणि त्यासाठी पाहिलेल्या संख्या कुठेतरी लिहून ठेवाव्या लागतात. जावास्क्रिप्टमधला सेट या कामाला उत्तम. तीन अंकी संख्या मात्र गुणी आहेत, तिन्ही अंक सारखे नसतील तर त्या ४९५ वर येऊन थांबतात.

कुठलाही प्रोग्रॅम दिला तर तो थांबेल की नाही हे आधी ओळखून देणारी सरसकट पद्धत असूच शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली सिद्ध केलं. त्याचा अर्थ हात टेकावेत असा नाही. आपल्या समोरचा एक लूप का थांबेल याचं कारण आपल्याला बहुतेक वेळा देता येतं, आणि द्यावंच. या पुस्तकात प्रत्येक व्हाइल लूपच्या वर ते कारण मराठीत एका कॉमेंटमध्ये लिहिलं आहे. तुम्हीही लिहा. लिहिता आलं नाही तर रन करू नका.

इतिहासात मी फार रमलो नाही. एडा लव्हलेसने १८४३ साली बॅबेजच्या न बांधल्या गेलेल्या यंत्रासाठी बर्नुली संख्यांची आवर्तनं मांडली, १९५७ च्या फोरट्रानमध्ये डू हा लूप होता, एवढं जाता जाता येतं. भास्कराचार्यांचं चक्रवाल गणितही येतं, कारण ती खरोखरीच फेऱ्याफेऱ्यांनी उत्तराकडे सरकणारी कृती आहे. एका वर्गसंख्येला ६१ ने गुणून त्यात एक मिळवला तर पूर्ण वर्ग यावा, अशी सर्वांत लहान संख्या त्या कृतीने २२,६१,५३,९८० निघते. प्रोग्रॅम म्हणून लिहायला ती फार देखणी आहे. पण ‘लूपचा शोध आपणच लावला’ असं तिच्यावरून म्हणू नये. बाराव्या शतकातल्या गणितीला ब्राउझरच्या कामाला जुंपून त्याचा मान वाढत नाही.

फॉरईच, मॅप, रिड्यूस या ॲरेवर फिरण्याच्या तयार सोयींना मी मुद्दाम मागे ठेवलं आहे. आजकाल थेट तिथून सुरुवात करायची पद्धत आहे, आणि तो कोड दिसतोही सुबक. पण ज्याने आय हाताने वाढवलेला नाही त्याला मॅपच्या आत काय चाललं आहे ते दिसत नाही, आणि अडलं की तो इंटरनेटवरून दुसरा तुकडा आणून चिकटवतो. ॲरेवर फॉर-इन वापरू नये, त्यातून क्रमांक स्ट्रिंगच्या रूपात येतात आणि शून्यात एक मिळवला तर ‘०१’ होतं, हे एका पानात आटोपलं आहे. पीएचपी ही भाषा वापरणाऱ्यांनी नाराज होऊ नये. अट, फेरी आणि बदल तिथेही हेच आहेत, फक्त नावापुढे डॉलरचं चिन्ह लावावं लागतं.

पुस्तक वापरायला ब्राउझरचा कन्सोल, पेन्सिल आणि चौकटीची वही लागेल. प्रत्येक प्रोग्रॅमच्या आधी वहीत तक्ता आखायचा: फेरी, फेरीच्या सुरुवातीची संख्या, शेवटची संख्या, अट खरी की खोटी. तो हाताने भरायचा आणि मगच कन्सोल उघडायचा. कंटाळवाणं वाटेल. मात्र तक्ता न भरता आलेल्या उत्तरात चूक कुठे शिरली हे शोधायला याच्या दुप्पट वेळ जातो. १००० ते ९९९९ मधल्या, चारही अंक सारखे नसलेल्या सगळ्या संख्या तपासून सातापेक्षा जास्त फेऱ्या कुणालाच लागत नाहीत हे पडताळण्याचा प्रोग्रॅम पाचव्या प्रकरणात आहे. मशीन ते काम डोळ्याचं पातं लवायच्या आत करतं.

शेवटचं प्रकरण पाच अंकी संख्यांचं आहे. तिथे मुक्कामाची एकही संख्या नाही. अंक सगळे सारखे नसतील तर संख्या तीनपैकी एका चक्रात जाऊन पडते. त्यांतलं सर्वांत छोटं चक्र दोनच संख्यांचं आहे, ५३९५५ आणि ५९९९४. उरलेली दोन चार-चार संख्यांची आहेत आणि ती मी छापलेली नाहीत. लूपच्या आत लूप, पाहिलेल्या संख्यांची नोंद आणि नीट लिहिलेली अट, एवढ्यावर ती सापडतात.